मागच्या फळीवरचा लॅपटॉप

दहिवलीच्या नाक्यावर रत्नदीपचं दुकान आहे. कंपन्यांनी टाकलेले लॅपटॉप आणायचे, उघडून साफ करायचे, बॅटरी बदलायची, आतलं सगळं पुसून टाकायचं आणि विकायचे. पूर्वी लोक त्याला भंगारवाला म्हणत. मग नव्या लॅपटॉपचे भाव असे चढले की तेच लोक त्याला रत्नदीपशेठ म्हणू लागले. आता चौक गावापासून कर्जतपर्यंत ज्याचं पोर कॉलेजात गेलं, तो आधी याच्या दारात. गरज पडली की माणसाची जीभ कशी गोड होते!

सोबत आलेली म्हातारी माणसं मात्र एक प्रश्न विचारल्याशिवाय राहत नाहीत. जुनी खाट घेतानाही इकडे विचारतात, तसंच लॅपटॉपचं. "मेल्या मानसाचा नाय ना रं?" रत्नदीपचं उत्तर ठरलेलं. "कंपनीचा हाय, आजी. कंपनी मरत नाय." म्हातारी खूश, पोर खूश, आणि हा मनातल्या मनात हसतो. भूतखेत न मानणाऱ्या बौद्ध घरातला तो. वडिलांनी, रामभाऊंनी, लहानपणी त्याला मुद्दाम अमावास्येला मसणवटीजवळच्या विहिरीवर पाण्याला पाठवलं होतं.

असा हा माणूस एका लॅपटॉपला भीत होता.

तो मागच्या फळीवर असे, चार्जरला लावलेला. त्याच्या बायकोचा, स्नेहलचा. ती त्यावर शाळांचे निकाल टाइप करून द्यायची. मग तिचं दुखणं निघालं, वाढलं, आणि गेल्या पावसाळ्यात ती गेली. पण दुपारच्या गोळीची आठवण तिने त्यात लावून ठेवली होती, ती कुठे जाणार? रोज जेवणवेळेला दुकान सामसूम झालं की मागून टुण् असा आवाज येई आणि पडदा उजळे. 'स्नेहल, गोळी घे.' रत्नदीपच्या अंगावर काटा येई. बंद करायला एक बटण पुरे होतं, आणि पुसणं हा तर त्याचा धंदाच. पण हात वर होत नसे. उलट वीज जाईल म्हणून तो इन्व्हर्टर तपासून ठेवी. आवाज आला की भीती वाटे, आणि एखाद दिवशी आलाच नाही तर, याची त्याहून जास्त. एकदा त्याच्या तोंडून निघून गेलं, "घेतलीस का गं?" मग तो चपला घालून नाक्यावर जाऊन उभा राहिला.

यंदा ॲडमिशनच्या दिवसांत गिऱ्हाइकांची अशी झुंबड उडाली की दुकान रिकामं झालं. नवा माल वाटेत अडकला होता. तेवढ्यात लोधिवलीहून गौराबाई आल्या, नातीला, भाविकाला घेऊन. पोरगी फुटक्या फोनवर अभ्यास करून डोळे लाल करून बसलेली.

"सगळी दुकानं पालथी घातली रं. त्यो मागं काय हाय?"

"त्यो विकायचा नाय, आजी."

"मग मांडून कशाला ठेवलास? पूजा करतोस काय?"

"आजी, चल ना," भाविका हळूच म्हणाली. तिच्या त्या आवाजाने रत्नदीप ओशाळला. स्नेहल असती तर एवढ्यात देऊन मोकळी झाली असती. त्याने लॅपटॉप खाली काढला, आणि गौराबाईंनी मेल्या माणसाचा तो प्रश्न विचारलाच. ठरलेलं उत्तर ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं.

"माझ्या बायकोचा हाय."

"मग ती काय वापरील?"

गावाला ठाऊक होतं, म्हणून त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. "ती वारली," तो म्हणाला. आजवर हे त्याने स्वतःच्या तोंडाने कधी सांगितलं नव्हतं.

गौराबाई उठल्या. बरं झालं, लॅपटॉप वाचला, असं त्याला वाटलं. पण त्या आत आल्या आणि स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसल्या.

"मेल्या मानसाचं आमी का घेत नाय, ठावं हाय? जीव अडकलेला असतो कुनाचा तरी. हितं तिचा नाय, तुझा अडकलाय. सोडतोस काय?"

रत्नदीपने लॅपटॉप पुसायला घेतला, तसा पडद्यावर नेहमीचा प्रश्न आला. सगळं कायमचं पुसलं जाईल, चालेल का? आजवर न वाचता त्याने तिथे बोट ठेवलं होतं. आज वाचलं, पुन्हा वाचलं.

"दाब रं बाबा. मी हाय," गौराबाई म्हणाल्या.

त्याने दाबलं, आणि भर दुकानात हुंदके देऊन रडला. गौराबाईंनी त्याला गप्प केलं नाही. त्या नुसत्या पाठीवर हात ठेवून बसल्या. मग भाविका लॅपटॉप छातीशी धरून घेऊन गेली.

दुसऱ्याच दिवशी रत्नदीपने लोधिवलीला फोन लावला. लॅपटॉप बरा चालतो ना? त्याच्या पुढच्या दिवशीही. हँग होत नाही ना? तापत नाही ना? विकल्या मालाची एवढी चौकशी त्याने जन्मात केली नव्हती. भाविका फोनवर हसायची, तरी रोज उत्तर द्यायची. एके दिवशी फोन गौराबाईंनी घेतला. त्याचा तोच प्रश्न त्यांनी ऐकून घेतला.

"रत्नदीपा, तुझी स्नेहल बरी हाय आमच्याकडं. पोरीच्या शेजारी बसते, तिचा अभ्यास घेते. आता रोज फोन नको करूस."

रत्नदीपने फोन कानाला तसाच धरून ठेवला. मग कुणी ऐकत तर नाही ना, असं बघून हळूच विचारलं, "माझी आठवण काढते का, आजी?"