आडवं पडलं की बरं

आडवं पडलं की मला बरं वाटे आणि उभं राहिलं की धाप लागे. असला उफराटा आजार कुणाला सांगून पटणार? अंबरनाथच्या आमच्या दोन खोल्यांत सासूबाईंनी त्याचं निदान कधीच करून टाकलं होतं. "आडवी झाली की राणी, उभी राहिली की रोगी," असं त्या शेजारणीला ऐकू जाईल इतपत हळू म्हणत. मलाही ते पटलं होतं. ओठ जांभळट दिसत, तर मी बावळट आरशापुढे खूश, की लाली न लावताच रंग आलाय! नाकातून रक्त आलं की कांदा हुंगायचा, गुलकंद खायचा. उष्णता, दुसरं काय!

नव्वद साल उलटल्यावर केव्हातरी उल्हासनगरला छातीचा फोटो काढला, त्यात फुप्फुसाच्या तळाशी बोराएवढी गाठ दिसली. मुंबईच्या डॉक्टरांनी समजावलं, "गाठ नाही ती. दोन रक्तवाहिन्या तिथे परस्पर जुळल्यात. रक्त हवा न घेताच पुढे जातं. तुम्ही उभ्या राहिलात की तळाकडे जास्त रक्त जातं, म्हणून धाप."

"म्हणजे बांधातलं खेकड्याचं बीळ," मी म्हणाले. माझं माहेर बारवी धरणाकडचं. बांधात बीळ पडलं की खाचरातलं पाणी भाताला न मिळता खाली निसटतं. वडील त्यात गवत नि चिखल कोंबून ते बुजवत.

"अगदी तसंच. आम्ही तारेच्या बारीक गुंडाळ्या कोंबतो. पण एखादी निसटून मेंदूकडे गेली, तर..." घरी माझी दोन लेकरं होती. तरी मी सही केली.

टेबलावर मी जागीच होते. जांघेतल्या शिरेतून घातलेली नळी हृदय ओलांडून फुप्फुसात पोचली होती, आणि मला काही दुखत नव्हतं. औषध सोडलं की अंगभर ऊब पसरे आणि समोरच्या पडद्यावर काळे ओहोळ फुटत. मी माझंच शेत वरून बघत होते.

"श्वास धरा," डॉक्टर म्हणाले. मी धरला. ते पडद्यात गुंतले आणि 'सोडा' म्हणायचं राहून गेलं. सासरी बारा वर्षं सांगितल्याशिवाय पंगतीतून न उठलेली मी, श्वास कसा सोडणार? ओहोळ हलू लागले. कडेला वडील गुडघाभर चिखलात वाकलेले दिसले. पाणी थंड होतं. मीही उतरायला निघाले...

"अहो बाई! श्वास घ्या!" नर्स ओरडली.

"तुम्ही सोडा म्हणाला नाहीत," मी धापा टाकत म्हणाले. डॉक्टर हसले, पण कपाळ पुसूनच. मग एकामागून एक गुंडाळ्या गेल्या, आणि पडद्यावर गाठीच्या जागी साचलेलं काळं तळं पुसट होत होत दिसेनासं झालं.

संध्याकाळपर्यंत पाय सरळ ठेवून पडून राहायचं होतं. सासूबाई उशाशी बसल्या होत्या. "हलू नकोस गं, झोपून राहा."

"आई, हे तुम्ही म्हणताय? लिहून द्या."

दिवेलागणीला नर्सने मला उठवून उभं केलं आणि बोटाला रक्तातला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला. मी धापेची वाट बघत राहिले. नेहमीची पाहुणी आलीच नाही. "आकडा खाली आला नाही," नर्स म्हणाली. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "बारा वर्षं मी हिला..."

दोनेक महिन्यांनी, भांडी मोरीत तशीच टाकून, मी भर दुपारी चटईवर पसरले होते. सासूबाई धावत आल्या. "काय गं? धाप लागते का?"

खोटं बोलायची फार फार इच्छा झाली. "नाही हो आई. उगीच पडलेय."

मी आजारी होते हे खरं, आणि त्यांचंही अगदीच चुकलेलं नव्हतं. त्या कमरेवर हात ठेवून भांड्यांकडे आणि माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"मग जरा सरक तिकडे," त्या म्हणाल्या, आणि माझ्या शेजारी आडव्या झाल्या.