तुटलेल्या सुईचं टोक

रॉकेटच्या कारखान्यात सगळेच लोखंडाशी झटतात असं नाही; काही जणी चक्क शिवणकाम करतात. धाकटी त्यांतली एक. इंजिनाभोवती गुंडाळायची चंदेरी, सात पदरी आच्छादनं ती शिवायची. कागदोपत्री त्यांचं नाव हातभर लांब होतं, शिवणखात्यात मात्र सगळ्या त्यांना गोधड्याच म्हणत. पूर्वी वर्षाकाठी एखादं रॉकेट उडायचं. आता उडालेलं रॉकेट परत येऊन उभं राहतं आणि पंधरवड्यात पुन्हा निघतं. दर खेपेला गोधड्या करपतात, नव्या लागतात. मान वर करायला फुरसत नसे.

तिला इथे आणलं थोरल्या जावेनं. थोरली त्याच खात्यात तपासनीस. घरी एक ओटा, कामावर एक छप्पर, तरी दोघींचं पटतं कसं, याचं शेजारणींना नवल वाटे. भांडायला निवांतपणा लागतो, असं थोरलीचं उत्तर ठरलेलं.

खात्यात एक नियम कडक होता. सुई मोडली की काम थांबवायचं, सगळे तुकडे शोधून कागदावर चिकटवायचे, आणि तपासनिसानं पट्टीनं लांबी मोजून सही करायची. तुकडा गोधडीत राहिला तर उड्डाणाच्या हादऱ्यांनी तारांच्या वेष्टणात घुसेल, ही भीती. तुकडा मिळाला नाही तर अख्खी गोधडी उसवायची. महिन्यात दुसऱ्यांदा उसवायची वेळ आली, तर त्या बाईचं मशीन जायचं.

धाकटीनं त्या महिन्यात एक उसवली होतीच. दुसरी संपत आली असताना कडक्कन सुई मोडली आणि टोक काही मिळेना. चुंबक फिरवला, फरशी झाडली, चपला झटकल्या. शेवटी तिनं एका जुन्या सुईचं टोक पकडीनं मोडलं आणि कागदावर नीट जुळवलं. थोरलीनं कागद पाहिला आणि सही केली. पट्टी लावलीच नाही. घरच्या माणसाचं काय मोजायचं!

गोधडी रॉकेटवर चढली आणि धाकटीच्या जिवाला घोर लागला. भाजीत दोनदा मीठ पडू लागलं. उड्डाण चार दिवसांवर आलं, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत तिनं थोरलीला सगळं सांगून टाकलं.

थोरलीचा घास हातातच राहिला. "कागदावर सही कुणाची आहे?"

"तुमची, ताई."

"मग आता हात दाखवून अवलक्षण कशाला?"

मग आवाज उतरवून तिनं समजावलं, की टोक केराबरोबर गेलं असेल, दहांतल्या नऊ वेळा तसंच होतं. धाकटीलाही ते पटत होतं. उरलेल्या एका वेळेचं नाव मात्र दोघींपैकी कुणीच काढलं नाही. वीस वर्षांत आपल्या सहीकडे कुणी बोट दाखवलं नाही, एवढं बोलून थोरली उठून गेली.

दुपारी धाकटी साहेबांसमोर उभी राहिली. ताईंना मीच फसवलं, त्यांचा दोष नाही, असं तिनं पुन्हा पुन्हा सांगितलं. साहेबांनी एकच विचारलं, त्यांनी मोजलं होतं का? धाकटी गप्प राहिली. तेवढं पुरलं.

उड्डाण लांबलं. गोधडी उतरवून टाकान् टाका उसवला, शेजारच्या दोन उसवल्या. काही निघालं नाही. नसलेल्या सुईपायी रॉकेट खाली बसवलं, अशी खात्यात थट्टा झाली. धाकटीचं काम गेलं. थोरलीचा तपासणीचा शिक्का काढून घेऊन तिला खोकी चिकटवायला बसवलं.

घरी भांडण झालं नाही. थोरली ताट वाढायची, पोटभर वाढायची, बोलायची मात्र नाही. तीन आठवड्यांनी रॉकेट सुखरूप गेलं. टीव्हीवर लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. थोरलीनं तो बंद केला.

"पहिल्या दिवशीच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर सही केली असतीत?"

"नसती केली."

"म्हणूनच, ताई."

थोरली उठून ओट्याकडे वळली. "एवढं एक कर," ती म्हणाली, "मला ताई म्हणू नकोस."

मग काय म्हणू, हे विचारायचा धीर धाकटीला झाला नाही.