लेडीज टेलरनं शिवलेला सूट

आमच्यात साखरपुड्याला मुलीची साडी मुलाकडचे आणतात आणि मुलाचा सूट मुलीकडच्यांनी द्यायचा असतो. यात भांडण्यासारखं काही नाही. कापड आणावं, चांगल्या टेलरकडे टाकावं, वेळेवर पोचवावं, विषय संपला. पण माझे बाबा स्वतःच टेलर होते, आणि तेही लेडीज टेलर. तुळिंजला बाजाराच्या तोंडाशी त्यांचा छोटासा गाळा होता आणि बावीस वर्षं त्या गाळ्यात ब्लाऊज, परकर, पंजाबी ड्रेस आणि फॉल-बिडिंग याखेरीज काही शिवलं गेलं नव्हतं. शर्टाची उसवलेली बाही घेऊन कुणी पुरुषमाणूस आला तर बाबा त्याला समोरच्या जेंट्स टेलरकडे पाठवायचे.

असा माणूस, माझं लग्न ठरल्यावर तिसऱ्याच दिवशी, जेवता जेवता म्हणाला, "जावयाचा सूट मी शिवणार."

आई भात वाढत होती. तिनं आधी भात वाढून घेतला, मग विचारलं, "तुम्हाला बरं वाटतंय ना?"

"बरं वाटतंय म्हणूनच म्हणतोय," बाबा म्हणाले. "एवढ्या जणींच्या लग्नाचे ब्लाऊज शिवले, माझ्या मुलीच्या साखरपुड्याला दुसऱ्याच्या दुकानातला सूट? लोक काय म्हणतील?"

लोक काय म्हणतील ते लोकांनी लगेच सांगितलं. मुलाकडची मंडळी गास गावची, भाजीची वाडी असलेली, स्वभावानं मोकळी. पण मुलाचे मामा मुंबईत सुटाच्या कापडाच्या दुकानात तीस वर्षं सेल्समन. घरात कुणाचाही कोट असो, शेवटचा शब्द त्यांचा. बैठकीत बाबांनी सूट स्वतः शिवण्याचं जाहीर केलं तेव्हा मामांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "हरकत नाही, पण ब्लाऊजसारखे पुढून चार टक्स टाकू नका म्हणजे झालं!"

सगळी बैठक हसली. बाबाही हसले. मी दाराआड उभी होते, माझी कानशिलं तापली. मामांचा राग आला हे तर खरंच, पण खोटं कशाला बोलू, मामांचं म्हणणं मला मनातून पटलंही होतं. ब्लाऊज शिवणं वेगळं आणि सूट शिवणं वेगळं. माझा बाप आता हट्टापायी तोंडघशी पडणार आणि मला सोबत घेऊन पडणार, याची मला खात्रीच वाटत होती.

त्यात मामांनीच आणखी एक खूळ काढलं होतं. साखरपुड्याच्या आदल्या रविवारी बाहेर कुठेतरी जाऊन दोघांचे फोटो काढायचे आणि त्यातला एक माणसाएवढा मोठा करून हॉलच्या दाराशी उभा करायचा. मुंबईत हल्ली असंच करतात म्हणे. म्हणजे अख्खं गास, आमची सगळी बिल्डिंग आणि गावाकडून येणारे पाहुणे, सगळे आधी तो सूट बघणार आणि मगच आत जाणार.

कपड्यांची चर्चा दोन आठवडे चालली. फोटोग्राफर म्हणाला, तीन जोड आणा, एकावर फोटो काढायचे म्हणजे अल्बम रडका दिसतो. सासूबाईंनी आणलेली साडी मोरपंखी, छान होती, पहिल्यांदाच मनासारखी गोष्ट घडली. बाबांनी तिचा ब्लाऊजपीस कापला तेव्हा चार बोटांचा तुकडा खिशात घातला आणि मंगळदास मार्केटला जाऊन त्याच्या शेजारी लावून लावून सुटाचं कापड निवडलं. मामांना काळा हवा होता. बाबांनी गडद निळा आणला. "काळ्यावर मोरपंखी मरतो," एवढंच म्हणाले आणि विषय मिटवून टाकला.

माप द्यायला मुलगा दुकानात आला तो किस्सा मला शेजारच्या काकूंनी सांगितला. लेडीज टेलरचं दुकान म्हटल्यावर माप घ्यायला पडदा असतोच. बाबांनी होणाऱ्या जावयाला त्या पडद्याआड नेलं आणि बाहेर बसलेल्या दोन गिऱ्हाइकांनी पडद्याखाली बूट बघून पदर तोंडाला लावला. एवढा वेळ माप घेतलं म्हणे की काकू परकर टाकायला आल्या होत्या, त्या भाजी घेऊन परत आल्या तरी पडदा सरकला नव्हता.

"काय एवढं मोजत होतात?" मी घरी विचारलं.

"माणूस मोजत होतो," बाबा म्हणाले.

फोटोच्या आधी तीन दिवस, गुरुवारी दुपारी, मी डबा घेऊन दुकानात गेले. बाबा हात धुवायला मागे गेले होते. कोट खिळ्याला हँगरवर लटकत होता. मी बघितला आणि डबा मशीनवर ठेवून जवळ गेले. कोटाचा डावा खांदा उजव्यापेक्षा चांगला बोटभर वर होता. चक्क वाकडा! कुणीही रस्त्यावरून जाणाऱ्यानं सांगितलं असतं. मी हँगर सरळ केला, पुन्हा केला, तरी तो वाकडाच.

बाबा आले. मी आवाज चढवला. आजवर कधी चढवला नव्हता.

"हे काय आहे? हा खांदा बघा! जमत नव्हतं तर हात कशाला घातलात? तुम्ही आपले ब्लाऊज शिवा ना! सगळ्या गासपुढे माझी शोभा करायची आहे का तुम्हाला?"

दुकानात एक बाई फॉल घ्यायला आली होती, ती तशीच मागे वळली. बाबांनी टॉवेलला हात पुसले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"हँगरवर बघू नको," ते म्हणाले. "कोट काय हँगरला घालायचा आहे?"

"म्हणजे?"

"अंगावर बघ. रविवारी."

"पण वाकडा का आहे ते तरी सांगा!"

"ते माझं काम आहे," म्हणाले आणि डबा उघडून जेवायला बसले.

मग मी जे केलं ते आजही मला सांगायला लाज वाटते. घरी जाण्याआधी मी कोपऱ्यावरच्या पीसीओत शिरले आणि गासला फोन लावला. मामा रजा काढून तिथेच आले होते, नेमका त्यांनीच उचलला. मी म्हटलं, "मामा, रविवारी दुसरा एखादा कोट असू दे बरोबर. असावा आपला." मामा इतक्या समजूतदारपणे "काळजी करू नकोस बेटा" म्हणाले की मला तिथेच रडू फुटलं. बापाच्या पाठीमागे जाऊन मी त्याच्या कामावर काट मारली होती.

रविवारी सकाळी सगळे कळंबला समुद्राकाठच्या सुरूच्या बागेत जमलो. फोटोग्राफर, आम्ही दोघं, दोन्हीकडच्या आया, मामा आणि बाबा. बाबांनी कोट जुन्या चादरीत गुंडाळून छातीशी धरला होता, बसमध्येही मांडीवर ठेवला नव्हता. मामांच्या हातात प्लॅस्टिकच्या कव्हरमधला काळा ब्लेझर, भाड्यानं आणलेला.

बाबांनी तो ब्लेझर बघितला. मग माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं. मी खाली बघून पायानं वाळू उकरत बसले.

"आधी हा होऊन जाऊ दे," मामा गोडीत म्हणाले, "मग तुमचा आहेच."

"होऊ दे की," बाबा म्हणाले.

ब्लेझर घालून मुलगा माझ्या शेजारी उभा राहिला. फोटोग्राफरनं कॅमेरा डोळ्याला लावला, खाली घेतला. "सर, डावा खांदा जरा वर." त्यानं वर केला. "सर, आता मान वाकडी झाली. मान सरळ." मान सरळ केली तर खांदा पुन्हा खाली. "सर, रिलॅक्स! असे तिरके नका ना उभे राहू." पाच-सहा फोटो असे वाया गेले. मुलाचा चेहरा उतरत उतरत पार कोमेजला. मी तोवर त्याला तीनदाच भेटले होते, आणि प्रत्येक वेळी त्याच्या डाव्या खांद्याला बॅग होती. आज बॅग नव्हती.

सासूबाई मला बाजूला घेऊन गेल्या. त्यांच्या बोलण्यात 'ण' नि 'ळ' नाहीतच, सगळा 'न' नि 'ल'. "कोनाला सांगितला नाय आम्ही," त्या हळूच म्हणाल्या. "नऊ वर्सांचा होता, चिंचेवरून पडला. गल्याजवलचा हाड मोडला. गावातच बांधून घेतला, तो असाच जुलला. शालेच्या फोटोत पन असाच वाकडा. मीच तेव्हा डाक्तरकडे नेला असता तर..." आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला. एवढी वर्षं ती बाई ते स्वतःच्या माथी घेऊन बसली होती.

मी ऐकत होते आणि माझी नजर बाबांच्या हातातल्या गुंडाळीवर होती. बोटभर वर असलेला डावा खांदा! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि त्याच क्षणी इतकी शरम वाटली की वाळूत तोंड खुपसावंसं वाटलं. ज्या गोष्टीबद्दल त्या घरानं ब्र काढला नव्हता ती बाबांनी ओळखली होती, आणि मी दुकानात थयथयाट केला तरी परक्याच्या मुलाचं व्यंग माझ्यापुढेही उघडं केलं नव्हतं.

"काका, तुमचा देता?" मुलानंच विचारलं. आवाजात काही जोर नव्हता.

बाबांनी चादर सोडली. कोट मागून धरला, मुलानं हात घातले. बाबांनी दोन्ही मुंढ्यांत बोटं घालून एकदा वर उचलला आणि सोडून दिला. मग समोर येऊन एकच बटण लावलं आणि बाजूला झाले.

काय सांगू! तो सरळ उभा होता. दोन्ही खांदे एका रेषेत, कॉलर मानेला बसलेली, कुठे सुरकुती नाही. मान वाकडी करायची गरजच राहिली नव्हती, म्हणून मानही आपोआप वर आली. फोटोग्राफरनं कॅमेरा लावला आणि या खेपेला "सर" म्हणालाच नाही, धडाधड फोटो काढत सुटला. हॉलच्या दाराशी पुढे लागला तो याच झपाट्यातला एक.

मुलगा आपले खांदे चाचपून बघत होता. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. "सरल उभा हाय," त्या म्हणाल्या. मग मोठ्यानं, सुरूच्या बागेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं, "माजा पोर सरल उभा हाय!"

मामा पुढे आले. त्यांनी कोटाचा खांदा दाबून बघितला, डावा, मग उजवा. तीस वर्षं कापडात काढलेला माणूस, त्याच्या बोटांना कळलं. कॉलर उलटून आतली शिलाई बघितली. "डाव्याला पॅड जास्त आहे," ते म्हणाले, "पण बाहेरून कळत नाही. कसं केलंत हो? आमच्याकडचे मास्टर लोक नाही करत हे."

"तुमचे मास्टर पुरुषांचे कोट शिवतात," बाबा म्हणाले. "ते छाती नि उंची मोजतात. बायकांचे खांदे बावीस वर्षं बघतोय मी. कुणी कडेवर पोर घेतं, कुणी कळशी, कुणी पर्स. दोन्ही खांदे सारखे असलेली एक बाई मला अजून भेटायची आहे. जावईबापूंनी आमच्याकडे चहाचा कप घ्यायला हात पुढे केला तेव्हाच दिसलं मला."

मामांनी कॉलर पुन्हा नीट बसवली. मग स्वतःच्या शर्टाकडे बघत म्हणाले, "माझं माप कधी घेता?"

"पडद्याआड यावं लागेल," बाबा म्हणाले. मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला. माझ्या आईनं एवढ्या दिवसांत पहिल्यांदा बाबांकडे अभिमानानं बघितलं, आणि मला कोपरानं ढोसलं.

बाकीचे दोन जोड पिशवीतच राहिले. मुलगा कोट उतरवायलाच तयार नव्हता, आणि मीही म्हटलं, मग माझी साडी कशाला बदलू? त्या काळ्या ब्लेझरला मामांनीच कव्हर चढवून झाडाला अडकवलं.

शेवटी फोटोग्राफर म्हणाला, "रोलमध्ये एकच उरलाय. दोघांचा जवळून घेतो, चेहरे एकदम क्लोज."

बाबा खाकरले. सबंध सकाळ त्यांनी काही मागितलं नव्हतं. "एक पाठीमागून घेता येईल का?" ते म्हणाले. "पाठ नीट बसल्ये. कोटाचं खरं काम पाठीत असतं."

"काका, पाठमोरा फोटो कोण काढतं? शेवटचा आहे!"

"अगो बाई, साखरपुड्याचा आणि पाठ फिरवून?" माझी आई.

बाबांनी लगेच हात हलवला. "नको, नको. आपलं सहज म्हटलं."

"पाठमोराच काढायचा!" मी ओरडले. गुरुवारी दुकानात ओरडले होते त्याहून मोठ्यानं. "माझा फोटो आहे ना? मग मी सांगते. पाठमोरा!"

मुलगा तर आधीच वळलाही होता. मी त्याच्या शेजारी समुद्राकडे तोंड करून उभी राहिले आणि वेणी पुढे ओढून घेतली, कारण ब्लाऊजही बाबांचाच होता, त्याची पाठ दिसायला हवी होती. मागे फोटोग्राफर पुटपुटत मागे-पुढे सरकत होता. एवढ्यात बाबा आले. कोटाच्या शिवणीवरून त्यांनी दोऱ्याचा एक तुकडा उचलला. मग माझ्या ब्लाऊजची कड अंगठ्यानं सारखी केली, आणि त्यांचा हात क्षणभर माझ्या खांद्यावर राहिला.

"बाबा, चुकलं माझं," मी समुद्राकडे बघत म्हटलं. मी हमसून हमसून रडायला लागले.

"रडू नको गो," बाबा म्हणाले. "पाठ हलते."