उपासाला काय चालतं

माझ्या आईला उपासाचे सगळे नियम पाठ होते आणि तिने आयुष्यात एकही उपास केला नव्हता.

आम्ही बौद्ध. भांडुपला टेकडीवरच्या चाळीत वाढलो. वडील छापखान्यात कामाला होते आणि उरलेल्या कागदावर पत्रकं छापून घरी आणायचे. विहारात वाटायच्या आधी त्यांच्या घड्या आम्ही घालायचो. मला अक्षरओळख त्या पत्रकांवरच झाली. ‘जागे व्हा’ हा मथळा मी शाळेत जायच्या आधीच वाचत होते, नक्की कोण झोपलंय ते कळत नव्हतं तेव्हापासून.

वडील गेल्यावर आईने खाण्याच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली. त्यातली सगळ्यात मोठी ऑर्डर मुलुंडच्या एका टॉवरमधल्या महिला मंडळाची. दर संकष्टीला आणि एकादशीला साबुदाण्याची खिचडी, वडे, रताळ्याचा कीस, राजगिऱ्याचे लाडू. जिरं चालतं, मोहरी चालत नाही. हिरवी मिरची चालते, हळद चालत नाही. शेंगदाणे चालतात, डाळ चालत नाही. कोथिंबिरीवर मंडळात दोन पक्ष होते, म्हणून कोथिंबीर वेगळ्या डबीत. आई हे सगळं पाळायची. त्या दिवशी पहाटे डोक्यावरून अंघोळ करायची आणि फक्त उपासासाठी ठेवलेली दोन पातेली काढायची. तिला असं करायला कोणी सांगितलं नव्हतं.

“तुला कोण बघतंय?” मी एकदा चिडून विचारलं.

“खाणाऱ्याचा विश्वास असतो,” ती म्हणाली. “त्याला बघायची गरज नसते.”

मला ते पटत नव्हतं. पण तिच्या वड्यांचा मला अभिमान होता. साबुदाणा भिजवणं हे हाताच्या अंदाजाचं काम आहे. पाणी कमी पडलं की दाणा कडक राहतो, जास्त झालं की पातेल्यात लगदा होतो. आई मोजून पाणी घालत नसे. भिजलेला दाणा बोटांत चिरडून बघायची आणि मान हलवायची. मंडळातल्या बायका म्हणायच्या, मावशींची खिचडी म्हणजे मोती. चार वर्षं त्या मोती खात होत्या. मावशींचं आडनाव त्यांना माहीत नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नव्हतं.

मग टॉवरच्या गेटवर नवीन पद्धत आली. बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाचा पास मोबाइलवर काढायचा, आधार कार्डावरचं पूर्ण नाव टाकून. आईने टाकलं. ज्या घरात जायचं त्या घराला मोबाइलवर ते नाव दिसतं, आडनावासकट.

दोन दिवसांनी मंडळाच्या अध्यक्षबाईंचा फोन आला. आई कणीक मळत होती, म्हणून मी स्पीकर चालू केला.

“मावशी, राग मानू नका हं. माझं स्वतःचं काहीच नाही हो. मी तर बाहेर हॉटेलातसुद्धा खाते. पण मंडळात जुन्या बायका आहेत ना. त्या म्हणतात, इतर दिवशी ठीक आहे, पण उपासाला चालत नाही.”

“काय चालत नाही?” आईने विचारलं.

“तुमच्या हातचं,” त्या म्हणाल्या.

आई “बरं” म्हणाली आणि मला मानेने फोन बंद करायची खूण केली. मग तिने ती कणीक इतकी मळली की पोळ्या चामड्यासारख्या झाल्या.

मोहरी चालत नाही, हळद चालत नाही, डाळ चालत नाही, आणि आता माझी आई. त्यांनी तिला यादीत टाकलं होतं. मी त्या यादीकडे पहिल्यांदाच नीट बघितलं आणि मग जे दिसलं त्यावर पत्रक लिहायला बसले.

पत्रकात मी लिहिलं की तुमच्या उपासाच्या ताटातलं जवळजवळ सगळं अमेरिका खंडातून आलेलं आहे. साबुदाणा ज्या कसावा कंदापासून करतात तो तिथला. बटाटा तिथला, रताळं तिथलं, शेंगदाणा तिथला, मिरची तिथली, राजगिरा तिथला. हळद इथली, आणि ती चालत नाही. पोर्तुगीज गलबतांतून हा माल गोव्यात, वसईत उतरला. आपण ज्या साष्टी बेटावर, म्हणजे मुंबईच्या या उपनगरांत, घराचे हप्ते भरतो, तिथे त्यांचंच राज्य होतं. सीता आणि राम यांच्या नावाची दोन फळं तुम्ही नैवेद्याला ठेवता, तीही त्याच खंडातून आलेली. नाव बदललं की माल शुद्ध होतो. माणसाला मात्र ती सोय नाही.

पुढे मी लिहिलं की ज्यांनी हा माल हजारो वर्षं पिकवला, निवडला, विषारी कंदातून विष काढून तो खाण्याजोगा केला, त्यांचं काय झालं तेही ताटात वाढून घ्या. गोरे लोक आले, त्यांनी जमीन घेतली, बियाणं घेतलं आणि माणसं खाणीत ढकलली. चांदीच्या खाणींतल्या मजुरांना जगवायला वाळवलेला बटाटा होता. आफ्रिकेतून माणसं भरून नेणाऱ्या जहाजांवर कसाव्याचं पीठ होतं. राजगिरा तर तिथले लोक त्यांच्या देवांच्या मूर्तींसाठी मळायचे, म्हणून पाद्री त्याच्यामागे लागले. देव खोटा, धर्म खोटा, माणूस रानटी, पण बटाटा चालतो. ज्यांनी तो खंड लुटला त्यांचंही व्याकरण तुमच्यासारखंच होतं. वस्तू चालते. ती ज्याच्या हातची, तो चालत नाही.

हे वाक्य मला आजही मागे घ्यावंसं वाटत नाही.

शेवटी थोडी गंमत म्हणून मी लिहिलं की पेरू हे फळ पेरू देशातून आलं, म्हणून आपण त्याला पेरू म्हणतो. निदान त्याने तरी आपलं आडनाव लपवलेलं नाही. या ओळीवर मी फार खूश होते. तपासून बघावं असं मनातही आलं नाही.

पत्रकं छापली आणि एका रविवारी सकाळी टॉवरच्या गेटबाहेर उभी राहून फिरायला निघालेल्या प्रत्येकाच्या हातात दिली. आईला सांगितलं नाही. पत्रकात तिचं नाव नव्हतं, टॉवरचं नव्हतं, मंडळाचंही नव्हतं. तेवढं पुरेसं आहे असं मी धरून चालले होते.

दुपारपर्यंत त्या पत्रकाचा फोटो आईच्या मोबाइलवर आला. अध्यक्षबाईंनी पाठवला होता. टॉवरमध्ये एक निवृत्त शिक्षक राहत होते. त्यांनी माझ्या पत्रकावर लाल शाईने खूण करून ते सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं होतं. ‘पेरू’खाली दोन रेघा. बाजूला सुबक अक्षरात: “फळ अमेरिकेतलेच. मात्र नाव देशावरून नव्हे, नासपतीसाठी असलेल्या पोर्तुगीज शब्दावरून. अभ्यास करून लिहावे.”

मी शोधून पाहिलं. बहुतेक जाणकार त्यांच्याच बाजूचे होते.

खाली ग्रुपवरचे शेरे होते. ‘अर्धवट ज्ञान.’ ‘हेच शिकवतात यांना.’ ‘कोणाची मुलगी आहे ते कळलं का?’ साबुदाण्याबद्दल कोणी काही म्हटलं नव्हतं. खाणींबद्दल, जहाजांबद्दल, हाताबद्दलही नाही. अख्ख्या पत्रकात त्यांना खोडायला एकच शब्द सापडला आणि तेवढ्यावर त्यांचं काम झालं. मी त्यांच्यावर संतापले आणि त्याहून जास्त स्वतःवर, कारण तो शब्द त्यांच्या हातात मीच दिला होता.

आई माझ्यासमोर मोबाइल धरून उभी राहिली.

“हे तू लिहिलंस?”

“हो.”

“मला विचारलंस?”

“आई, त्यात तुझं नावसुद्धा नाही.”

“त्या टॉवरमध्ये वडे घेऊन जाणारी दुसरी कोण आहे गं? त्यांनी मला यादीत टाकलं, तू मला कागदावर टाकलंस. विचारलं दोघांनीही नाही.”

“मी तुझ्या बाजूने लिहिलं.”

“माझी बाजू मला विचारून लिहायची.” ती मोबाइल ठेवून आत गेली.

पण ऑर्डरीचा निकाल अजून लागलेला नव्हता. आठवडाभराने मंडळाने आईला सोसायटीच्या ऑफिसात बोलावलं. संकष्टी जवळ आली होती आणि त्यांना दुसरी कोणी मिळाली नव्हती. एकीला विचारून पाहिलं होतं, तिच्या खिचडीचा गोळा झाला. आई म्हणाली, तू ये, पण तोंड उघडायचं नाही. मी गेले आणि भिंतीशी उभी राहिले.

अध्यक्षबाईंनी चहा मागवला. आमच्यासाठी तो कागदी कपात आला, त्यांच्यासाठी कपबशीत.

“झालं गेलं सोडा,” त्या म्हणाल्या. “मुलगी तरुण आहे, रक्त गरम असतं. आम्ही मार्ग काढलाय मावशी. तुम्ही साबुदाणा भिजवून द्यायचा. दाण्याचं कूट करून द्यायचं, बटाटे चिरून द्यायचे. कच्चं सगळं तुमच्याकडून. त्याला कोणाची हरकत नाही. शिजवेल आमची बाई, इथे खाली क्लबहाउसात. म्हणजे तुमचंही काम चालू राहील आणि मंडळाचंही समाधान.”

माझी कानशिलं तापली. कच्चा माल पाठवा, पक्कं आम्ही करू आणि आमच्या नावाने खाऊ. गलबतं याच अटीवर भरली जायची. मी तोंड उघडणार होते, तेवढ्यात आईने माझ्याकडे न बघता हात वर केला.

“भिजवायचं मी?” तिने विचारलं.

“हो, तुमच्यासारखं कोणाला जमत नाही ना.”

“मग शिजवायला उरतं काय ताई? फोडणी. ती तर पंधरा वर्षांची पोरगीही देईल. खिचडी भिजवतानाच होते. त्याला माझा हात चालतो, आणि तुपात परतायला चालत नाही?”

“तसं नाही हो. कच्च्याला दोष नसतो.”

“दोष माझ्यात आहे म्हणजे. साबुदाण्यात नाही.”

“तुम्ही पण आता मुलीसारखं बोलायला लागलात.”

“नाही,” आई म्हणाली. “तिने अमेरिकेचं लिहिलं. मी खिचडीचं बोलतेय. केली तर सगळी मीच करीन. नाहीतर नाही.”

चहा तसाच ठेवून ती उठली.

घरी येताना रिक्षात मी म्हणाले, “भारी बोललीस.” ती म्हणाली, “भारी बोलून डबा भरत नाही.” तेव्हा मला कळलं की आपलं काम गेलंय हे तिला पक्कं माहीत होतं आणि तिने ते माहीत असूनच सोडलं होतं.

संकष्टीच्या आदल्या दिवशी टॉवरमधल्या एका बाईंचा फोन आला. मंडळातल्याच, पण आवाज दबका. “मावशी, माझ्या घरी तुमच्याच वड्यांची सवय आहे हो. पंचवीस वडे द्याल का? फक्त मागच्या गेटने या, जिथून कचऱ्याची गाडी येते तिथून. मी स्वतः खाली येते. मंडळात कळायला नको.”

“पुढच्या गेटवर देईन,” आई म्हणाली. “अकरा वाजता. सगळ्यांसमोर घ्यायचे असतील तर या.”

“बघते,” त्या म्हणाल्या.

आईने पंचवीस वडे केले. तीच अंघोळ, तीच पातेली. मी म्हणाले, आता कशाला? ती म्हणाली, ऑर्डर आहे. अकराला आम्ही टॉवरच्या मोठ्या गेटसमोर उभ्या होतो. आत जायला पास लागतो, रस्त्यावर उभं राहायला लागत नाही. माणसं आतबाहेर करत होती. ओळखीच्या दोघी-तिघी मोबाइलमध्ये बघत शेजारून गेल्या. साडेअकराला त्या बाई लिफ्टमधून बाहेर येताना काचेतून दिसल्या. हातात कापडी पिशवी होती. त्यांनी आम्हाला बघितलं, गेटपाशी उभ्या असलेल्या अध्यक्षबाईंना बघितलं, मग टपालाच्या पेटीत काहीतरी शोधल्यासारखं केलं आणि परत वर गेल्या.

आई बारापर्यंत थांबली. मग तिने डबा उघडला, एक वडा काढला आणि तिथेच, गेटसमोर, उभ्या-उभ्या खाल्ला. कुठली घाई न करता. अध्यक्षबाई बघत होत्या. आईने बोटं पुसली.

“मीठ बरोबर आहे,” ती म्हणाली, आणि डबा बंद करून रिक्षाला हात केला.