कपाटांच्या मधला आवाज

देगलूरच्या आमच्या शाळेत मी अठरा वर्षं ग्रंथपाल आहे. ग्रंथालयातला पंखा शाळेत सगळ्यात चांगला, म्हणून शिक्षक डबा खायला माझ्याकडे येतात. पुस्तक मागायला आलेले शिक्षक मात्र बोटांवर मोजण्याइतकेच, आणि त्यातल्या एकाला ते हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घालायला हवं होतं. मी त्यांना जाडसर शब्दकोश दिला. तो अजून परत आलेला नाही.

त्यामुळं वरून आदेश आला, तेव्हा काय होणार ते मला आधीच कळलं. प्रत्येक शाळेतून एकानं नांदेडला जाऊन शिकवण्यासाठी ऑडिओ आणि व्हिडिओ कसे तयार करायचे, याचं पाच दिवसांचं प्रशिक्षण घ्यायचं होतं. आदेश वाचून होईपर्यंत एका गुरुजींचा बीपी वाढला, दुसऱ्यांच्या मेहुण्याचं लग्न निघालं. तिसऱ्यांचा अभ्यासक्रम राहिला होता. तो त्यांचा दरवर्षीच राहतो.

मुख्याध्यापक माझ्या टेबलाशी आले आणि गोड आवाजात म्हणाले, "मॅडम, तुम्हीच जाऊन या. तुम्हाला तसं काय काम असतं?"

मी "हाव" म्हणून होकार दिला. भांडायचं तर आधी समोरच्याला माणसात धरावं लागतं.

नांदेडच्या त्या सभागृहात नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांतले शिक्षक जमले होते. शिकवायला पुण्याहून एक तरुण आला होता. त्याच्या कॉलरला बटणाएवढा माइक होता, आणि बोलण्यासारखं काही नसलं तरी तो माइकवर बोलत होता. दर अर्ध्या तासाला आम्हाला उभं करून टाळ्या वाजवायला लावायचा आणि ओरडायचा, "एनर्जी पाहिजे, एनर्जी!" पहिले तीन दिवस कॅमेऱ्याकडे बघून हसायचं कसं, यात गेले. चौथ्या दिवशी व्हिडिओच्या वर लावायचं चित्र. त्यात म्हणे तोंडाचा आ करून कशाकडे तरी बोट दाखवायचं, मग लोक व्हिडिओ उघडतात. पन्नाशीतले, टक्कल पडलेले भूगोलाचे गुरुजी तोंडाचा आ करून भारताच्या नकाशाकडे बोट दाखवत उभे राहिलेले मी पाहिले. त्यांची मला कीव यायला हवी होती. आली नाही. त्यांना ते आवडलं होतं.

माझी पाळी आली. मी दोन वाक्यं बोलले असेन, तोच त्यानं थांबवलं. "मॅडम, 'लई' नाही, 'खूप'. आणि 'पानी' नाही, 'पाणी'. ण, ण! आपला कंटेंट सगळीकडे जाणार आहे."

मी मान डोलावली. त्या पाच दिवसांतली ही एकच गोष्ट मी अजून स्वतःला माफ केलेली नाही.

माझ्या शेजारी जळकोटकडचे एक ग्रंथपाल बसायचे. निवृत्तीला आलेले, अंगावर पांढरा मळकट सदरा. तरुणपणी गावात त्यांचा लाउडस्पीकरचा धंदा होता, लग्नं, सप्ते, निवडणुका सगळं केलेलं. चहाच्या सुट्टीत ते मला म्हणाले, "ह्ये पोरगं नुसतं तोंड शिकवून राहिलंय. आवाज कोन शिकवनार?"

"तुम्ही शिकवा की," मी म्हटलं.

त्यांनी मला जिन्याखाली नेलं. "फोन तोंडाम्होरं न्हाई धरायचा, जरा कडंला. प आन् फ म्हनलं की हवा आदळती. पंखा बंद करायचा. आन् भिंती उघड्या नगं, न्हाईतर आवाज घुमतो. गोधडी लावा, पोतं लावा."

"पुस्तकं चालतील?"

ते हसले. "पुस्तकावानी दुसरं काय न्हाई. तुम्ही तर त्यातच बसल्यात."

पाच दिवसांत मी जे शिकले ते त्या जिन्याखाली, चहा थंड व्हायच्या आत.

परत आल्यावर पहिला व्हिडिओ कोणाचा होणार, हा प्रश्नच नव्हता. मुख्याध्यापक नवं जॅकेट घालून ग्रंथालयात आले आणि माझ्या खुर्चीत बसले. मागच्या कपाटातली फाटकी पुस्तकं त्यांना खटकली, म्हणून ती काढून लाल पाठीचे ज्ञानकोश लावायला सांगितले. त्या ज्ञानकोशांची पानं अजून एकमेकांना चिकटलेली आहेत. मग सर बोलले, "विद्यार्थी मित्रांनो, वाचन ही काळाची गरज आहे." हे एक वाक्य अकरा वेळा झालं. दर वेळी शेवटी त्यांची नजर कॅमेऱ्यावरून घसरून फोनच्या पडद्यातल्या स्वतःच्या चेहऱ्याकडे जायची. मी न हसता शूट केलं. शिक्षकांच्या ग्रुपवर त्या व्हिडिओला एवढे हात जोडलेले आले, की कोणी वारलंय की काय असं वाटावं. पाहिला कोणीच नव्हता. डबा खाताना मी मुद्दाम एकेकाला विचारलं, सर शेवटी काय म्हणतात? एकालाही सांगता आलं नाही.

मग मी माझं काम सुरू केलं. सहावीच्या विज्ञानात पाण्याची वाफ आणि वाफेचे ढग कसे होतात, असा एक धडा होता. आमच्या निम्म्या पोरांच्या घरी तेलुगू बोलतात, काहींच्या घरी कानडी. पुस्तकातली मराठी त्यांना सरकारी नोटिशीसारखी वाटते. दोन कपाटांच्या मधल्या जागेत मी स्टूल टाकलं, पंखा बंद केला, खिडक्यांना जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे लावले आणि धडा वाचून रेकॉर्ड केला. आवाज अगदी साफ आला. ऐकून मी स्वतःवर खूष झाले.

दुसऱ्या दिवशी वर्गात लावला. पोरं खुसखुसायला लागली. पुढच्या बाकावरच्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या मुलीनं हात वर केला.

"मॅडम, ही बाई कोनच्या गावची हाय?"

"अगं, मीच हाय की."

"न्हाई," ती ठामपणे म्हणाली. "तुम्ही अशा बोलत न्हाईत. ही टीव्हीतली हाय."

मधल्या सुट्टीत दार लावून मी ते पुन्हा ऐकलं. पोरगी बरोबर होती. प्रत्येक ण मी असा ठासून म्हटला होता, की पुण्याच्या त्या पोरानं टाळ्या वाजवल्या असत्या. पाच दिवस मी त्याला मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या, आणि एकटी बसून बोलायची वेळ आली तेव्हा त्याचीच नक्कल केली होती. मुख्याध्यापक निदान स्वतःचाच चेहरा बघत होते. मी कोणाचा आवाज काढत होते?

ते रेकॉर्डिंग मी पुसून टाकलं. त्या मुलीला बोलावलं आणि तिच्या घरचे शब्द विचारून घेतले. पाणी म्हणजे नीळ्ळू, वाफ म्हणजे आविरी. मग पुस्तक मिटून, मी रोज बोलते तशी बोलून रेकॉर्ड केलं. "भाताच्या पातेल्यावरचं झाकन काढलं की तोंडावर गरम गरम काय येतं? तीच वाफ. तीच आविरी." ते वर्गात लावलं, तेव्हा या खेपेला कोणी हसलं नाही. "आविरी" आल्यावर मागच्या बाकावरून चारपाच आवाज तो शब्द माझ्याबरोबर म्हणाले. मी ते रेकॉर्डिंग पालकांच्या ग्रुपवर टाकून दिलं, कोणाला न विचारता.

दोन दिवसांनी मुख्याध्यापकांनी बोलावलं. समोर तालुक्याचे एक साहेब बसले होते. साहेबांनी फोन टेबलावर सरकवला. "मॅडम, ही काय भाषा झाली? उद्या हे जिल्ह्याला गेलं तर शाळेची शोभा होईल. शुद्ध भाषेत परत करा."

"पोरांना कळलं, साहेब," मी म्हणाले.

"कळण्याचा प्रश्न नाही," साहेब म्हणाले.

इतकं खरं बोलणारा अधिकारी मी तरी दुसरा पाहिला नाही.

"मग सरच वाचतील," मी म्हटलं. "सरांचा आवाज चांगला आहे."

मुख्याध्यापकांना नाही म्हणता येईना. मी पुस्तक त्यांच्या हातात दिलं, फोन कडेला धरला. पहिल्याच ओळीत "बाष्पीभवन" आलं. सरांनी ते तीन वेळा तीन प्रकारांनी म्हटलं, तिन्ही वेळा साहेबांनी छताकडे बघितलं. शेवटी सर घसा खाकरून म्हणाले, "आज आवाज बसलाय." विषय तिथंच मिटला. प्रत्येक शाळेनं जिल्ह्याला एक व्हिडिओ पाठवायचा होता; आमच्याकडून सरांचा वाचनावरचा गेला. सहभागाचं प्रमाणपत्र आलं, ते त्यांनी चौकटीत लावलंय.

त्यानंतर काही दिवसांनी, दुपारी, त्या तेलुगू मुलीची आई बोनाफाइड न्यायला शाळेत आली. ती घरी ब्लाउज शिवते. क्लार्क जेवायला गेला होता, म्हणून ती पंख्याखाली माझ्याकडे येऊन बसली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "ती पान्याचं सांगनारी बाई कोन हाय हितं?"

"कशाला?"

"मिशन चालवताना ऐकती मी. लई घाई करती ती. सुईत धागा ओवीपत्तुर फुडं निघून जाती. सावकास बोल म्हनावं. आन् ढगाचं अर्धंच सांगितलं तिनं. ढगात पानी हाय म्हनती, मग ढग खाली का पडत न्हाई?"

"ती बाई मीच," मी म्हणाले.

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. लाजली नाही, माफीही मागितली नाही. "मग सांगा की," ती म्हणाली.

मला माहीत नव्हतं. विज्ञानाच्या गुरुजींना विचारलं, तर डब्यातून मान वर न करता ते म्हणाले, "ते सिलॅबसमध्ये नाही, मॅडम." मी कपाटं धुंडाळली. अठरा वर्षं ज्या पुस्तकांवर मी नंबर टाकत आले, ती पहिल्यांदा स्वतःला काही हवं म्हणून उघडली. दोन दिवस लागले. मग पंखा बंद करून बसले आणि सावकाश, मधेमधे थांबून सांगितलं, की ढगातले थेंब इतके बारीक असतात, की खालून वर चढणारी हवाच त्यांना अधांतरी धरून ठेवते, आणि ते एकमेकांना मिळून जड झाले की मगच खाली येतात. तेही ग्रुपवर टाकलं.

संध्याकाळी फोनवर तिचाच आवाज आला. मागं शिलाई मशीन चालूच होतं.

"आता कळलं. बरं, मग गारा कशा हुत्यात?"