पायऱ्या चढून पास

शिवून पोट भरणारी, पण शिवणीवर काडीचाही विश्वास नसलेली बाई उभ्या मावळात एकच आहे आणि ती माझी भागीदारीण आहे. लोणावळ्याच्या बाजारात आमचं दोघींचं बुटिक आहे. पाटीवर दोघींची नावं आहेत. माझं आधी, कारण पाटी मी रंगवून घेतली. मैत्री मात्र दुकानाहून बरीच जुनी. मळवलीच्या शिवणवर्गात मुली जास्त आणि मशिनी कमी, म्हणून बाईंनी आम्हा दोघींना एकाच मशीनवर बसवलं. ती पाय मारायची, मी कापड सरकवायची. तेव्हापासून साधारण तेच चाललंय. कष्ट तिचे, पुढे सरकवण्याचं काम माझं.

ती भाजे गावची. नवा कपडा शिवून झाला की इस्त्रीच्या आधी तो स्वतःच्या अंगात घालायचा आणि भाजे लेण्यांच्या पायऱ्या चढायच्या, ही तिची रीत. अंगाने काडी असल्यामुळे कुणाच्याही मापाचा कपडा तिला होतो, ढगळ का होईना. वर पोचलं की स्तूपापुढे हात जोडायचे, वाकायचं, बसायचं, उठायचं, खाली यायचं आणि एकही टाका हलला नसेल तर कपडा पास. जरीचा घागरा आणि पायात प्लास्टिकच्या चपला अशा थाटात तिला पाहून शनिवार-रविवारचे पर्यटक फोटो काढायचे. एकीने विचारलं, "शूटिंग आहे का?" ही म्हणाली, "न्हाई, परीक्षा हाय." त्या बाईने तिथेच घागऱ्याची ऑर्डर दिली, त्यामुळे मला फार बोलता आलं नाही.

एकदा मात्र बोलले. पवनानगरच्या एका नवरीचा रिसेप्शनचा गाऊन हिने चक्क भातलावणीला घालून नेला. "चिखल लागू दिला न्हाई, वर खोचला व्हता," असं तिचं म्हणणं. दुकानात नवरीच्या आईने घेर उलगडला तर आत भाताचं रोप. हिने शांतपणे रोप उचललं आणि म्हणाली, "मावशी, दिसभर वाकून बघितलंय. तुमच्या पोरीला आता कितीबी नाचू द्या." मावशींनी गाऊन नेला आणि पुढे दोन भाच्यांनाही आमच्याकडे पाठवलं.

गेल्या वर्षी तिचे गुडघे गेले. डॉक्टरांनी पायऱ्या बंद केल्या. मी म्हटलं, बरं झालं, सुटलो. दोन दिवस ती आलीच नाही. तिसऱ्या दिवशी आली ती पाटीकडे बघत. "बिनपरीक्षेचा कपडा माझ्या नावानं इकायचा न्हाई. माझं नाव पुसून टाक." मला वाटलं चेष्टा करतेय. तिने कात्री पिशवीत भरली तेव्हा मी घाबरले. तिच्याशिवाय मला सरळ टीप मारता येत नाही, पण ते सोडा, ती नसेल तर सकाळी दुकान उघडायचं कशाला, हेच मला कळेना. "मी चढते," म्हणाले. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "गिऱ्हाइकाचा कपडा तुझ्या अंगात फाटंल." शेवटी प्रत्येक नमुन्याचा एक नग माझ्या मापाचा शिवायचं ठरलं.

पहिल्या दिवशी ती खाली दगडावर बसली. "माझाबी नमस्कार सांग," म्हणाली. अर्ध्या वाटेवर धाप लागून मी मागे वळले, तर खालून आवाज आला, "हात वर कर." मी केला आणि काखेत उसवलं. वर जाऊन तिचा नमस्कार सांगितला आणि हात अंगाशी दाबून खाली आले. तिने शेवटच्या पायरीवर मला उभं करून टाके घातले, दातांनी दोरा तोडला आणि म्हणाली, "उद्या परत." इतकी खूश मी तिला कित्येक दिवसांत पाहिली नव्हती.

आता दर नव्या नमुन्याला आम्ही दोघी भाज्याला जातो. शिलाई तिची आहे, पहिल्या दिवसानंतर ती कधी उसवली नाही. मग ती नुसती मान हलवते आणि परतताना रिक्षात गप्प बसते. ते मला बघवत नाही. म्हणून हल्ली निघण्यापूर्वी काखेतले दोन टाके मीच गुपचूप सैल करून ठेवते. तिला कळत असणारच. माझा हात लागलेला टाका ती शिवणवर्गापासून ओळखते. पण उसवलेलं घेऊन मी खाली आले की ती पिशवीतून सुई काढते आणि ओवायला माझ्याकडे देते.