आमच्या लीगची हेल्मेटं

मैदानाच्या गेटवर इतकी वर्षं काढली की किस्से गवतासारखे आपोआप वाढतात, कापणारा थकतो. मी नांदेडकडचा, शाळा चौथीपर्यंत. इकडे तेलुगू मुलखात, कुकटपल्लीच्या एका लहान कॉलेजात गेट आणि मैदान, दोन्ही मीच बघतो, एकाच पगारात. आता अमेरिकन फुटबॉलचा सीझन आलाय, म्हणून चहावर सगळे विचारतात, यंदा कोण जिंकणार? मी म्हणतो, हेल्मेटं ज्याच्याकडे राहतील तो.

हा खेळ नावाला फुटबॉल. चेंडू अंड्यासारखा, तो हातात धरून पळायचं आणि अकरा जणांनी समोरच्या अकरांना धडकायचं. लीगमध्ये कॉलेजं चार, हेल्मेटं दोनच टीमची. मॅच जिथे असेल तिथे ती उस्मानभाईच्या ऑटोतून जातात.

*

मागच्या वर्षी काचीगुड्याच्या कॉलेजात मॅच होती. दोन्ही टीम उभ्या, हेल्मेटं नाहीत. उस्मानभाईचा फोन आला, "स्टेशनकने अटक्या हूं, तुम लोगां शुरू करो."

काचीगुड्याची पोरं हुशार. पार्किंगमध्ये गेली आणि मोटरसायकलींवरची हेल्मेटं घालून आली. पहिल्या धडकेत तीन काचा फुटल्या. मॅच मात्र बरोबरीत सुटली, कारण अर्धे प्रेक्षक आपापली हेल्मेटं ओळखून मैदानात घुसले.

*

हिमायतनगरवाले श्रीमंत. त्यांचा चेंडू फेकणारा पोरगा लई भारी. फेकायला हात वर केला आणि बाहेरून बाप ओरडला, "व्हिसाचा स्लॉट मिळाला!" पोराने चेंडू गवतात ठेवला आणि गेला तो गेलाच.

यंदा त्यांची अर्धी टीम अमेरिकेत आहे. तिथे हा खेळ बघतात म्हणे. टीव्हीवर.

*

आणखी एक कॉलेज शहराबाहेरचं. मागच्या सीझनला ते एकाही मॅचला आले नाहीत. तरी तिसरे आले.

चौथे आम्ही.

*

आमचा कोच श्रीकांत. अमेरिकेत राहून आलाय म्हणून कोच केला. मी विचारलं, "तिथे खेळलास का?"

"नाही तात." इथली तेलुगू माणसं आजोबाला तात म्हणतात. "पिझ्झा पोचवायचो. पण स्टेडियमच्या समोरच."

त्याच्या सांगण्यावरून मी मैदानभर चुन्याच्या आडव्या पट्ट्या मारल्या. कंबर मोडली. दुसऱ्या दिवशी बघतो तर कॉलेजच्या सगळ्या बसगाड्या प्रत्येक पट्टीत एक, ओळीने उभ्या. ड्रायव्हरांना वाटलं, नवीन पार्किंग.

मी शिव्या देत पळालो. वर गॅलरीत करस्पाँडंट उभे होते. म्हणजे मालक, इकडे कॉलेजच्या मालकाला तसंच म्हणतात. ते म्हणाले, "किती शिस्तीत मावतात."

तिथेच घात झाला. नोटीस लागली: सीझनच्या आधी साहेब स्वतः बघणार. अकराची टीम उभी दिसली नाही तर मैदान बसगाड्यांना.

*

परवा साहेब यायचे होते. पोरं आली दहा. अकरावा कोचिंग क्लासला. श्रीकांत माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघायला लागला.

"तात, उंची बरोबर आहे तुमची."

"डोकं ठिकाणावर आहे का? माझे गुडघे बघितलेस?"

"पॅडमध्ये गुडघे दिसत नाहीत."

उस्मानभाई हेल्मेटं उतरवत होता. "पैन लो चच्चा," म्हणाला, "मूं भी नै दिखता."

घातलं. आत चारही कॉलेजांच्या घामाचा वास. मैदान गेलं तर मी कुठल्या गवतावर पाणी मारू, एवढाच विचार होता.

साहेब ओळीतून हात मिळवत आले. माझ्यापाशी थांबले. इतक्या वर्षांत गाडीतून कधी मान वळवली नाही, त्या दिवशी जाळीतून आत डोकावले.

"फर्स्ट इयर?"

मी मान हलवली.

"गुड. कॉलेजचं भविष्य तुमच्याच हातात आहे." माझा हात दाबला त्यांनी. मग श्रीकांतला म्हणाले, "ठीक आहे. मैदान राहू दे."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी पट्टा सोडायला हात वर नेला. तेवढ्यात साहेबांचं लक्ष गेटकडे गेलं. तिथे माझी खुर्ची रिकामी.

"तो म्हातारा कुठाय? येताना पण दिसला नाही. उद्यापासून नको तो. काढून टाका."

श्रीकांतने माझ्याकडे बघितलं. दहाच्या दहा पोरांनी बघितलं.

मी पट्टा आणखी घट्ट केला.